नर्सिंगमध्ये नव्याने येताना: प्रवेश, नोंदणी, पहिली नोकरी आणि पहिला पगार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगला जायचं की नाही, हे घरात बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर ठरतं: नोकरी लागेल का आणि पगार किती. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नोंदणी असेल तर नोकरी लागते. दुसऱ्याचं उत्तर एका आकड्यात देणारा माणूस एक तर कॉलेजचा एजंट असतो, नाहीतर त्याने एकच हॉस्पिटल पाहिलेलं असतं. एकाच वर्गातून पास झालेल्या दोघींपैकी एकीच्या हातात तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये १२ हजार पडतात आणि दुसरीच्या हातात एम्समध्ये त्याच्या सहापटीहून जास्त. दोघींचं शिक्षण सारखं, काम जवळजवळ सारखं. हा फरक कुठून येतो आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत आपल्याला त्यात काय करता येतं, हे खालच्या उत्तरांत आहे. आकडे भारतातले, मुख्यतः महाराष्ट्रातले आहेत.

एएनएम, जीएनएम, बीएस्सी – नेमका फरक काय?

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा कोर्स दोन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेची चालते. भर माता-बाल आरोग्य, लसीकरण आणि गावपातळीवरच्या कामावर असतो, म्हणून सरकारी जागा मुख्यतः उपकेंद्रात आरोग्य सेविकेच्या असतात. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका आणि बीएस्सी ही चार वर्षांची पदवी. या दोन्हींनंतर नर्सिंग कौन्सिलकडे तुमची नोंद 'नर्स आणि मिडवाइफ' अशीच होते. वॉर्डात पेशंटजवळ उभं राहिल्यावर जीएनएमची सिस्टर आणि बीएस्सीची सिस्टर वेगळी ओळखू येत नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला जीएनएमचा हात अनेकदा जास्त सफाईदार असतो.

खासगी हॉस्पिटलात दोघींच्या पहिल्या पगारातही फार तफावत नसते. फरक पडतो तो पुढे. एम्सच्या परीक्षेला बीएस्सी थेट बसते, जीएनएमला आधी किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. समुदाय आरोग्य अधिकारी, ट्यूटर, एमएस्सी, परदेश या सगळ्या वाटा बीएस्सीला सरळ आहेत. जीएनएमला त्या बंद नाहीत, पण बऱ्याचदा मध्ये दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं.

सरकारी बीएस्सीची जागा मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. पण एकीकडे भरमसाट फीचं, नावापुरतं हॉस्पिटल असलेलं बीएस्सी कॉलेज आणि दुसरीकडे जिल्हा रुग्णालयातलं जीएनएम अशी निवड असेल, तर आमचं मत जीएनएमच्या बाजूने. जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत जेवढ्या प्रसूती, जेवढे सर्पदंश आणि अपघाताच्या केसेस दिसतात, तेवढ्या रिकाम्या खाटांच्या इमारतीत दहा वर्षांतही दिसत नाहीत.

"जीएनएम बंद होणार आहे" असं ऐकतो. खरं आहे का?

तसा प्रस्ताव मध्यंतरी आला होता आणि मागेही पडला. कोर्स चालू आहे, प्रवेश होत आहेत. झालेलं जीएनएम रद्द होईल ही भीती तर अगदीच निराधार. नोंदणी झालेली नर्स ही नोंदणी झालेली नर्सच राहते.

प्रवेशासाठी काय लागतं?

बीएस्सीला बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, खुल्या प्रवर्गाला एकत्रित किमान ४५ टक्के आणि वय १७ पूर्ण. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची बीएस्सी नर्सिंगची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. जीएनएमला विज्ञानाला प्राधान्य असलं तरी कला-वाणिज्यचे विद्यार्थीही चालतात. बारावीत इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के. आर्ट्स झालंय म्हणून नर्सिंग संपलं असं समजणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात, आणि कुणीतरी त्यांना तोवर एक वर्षाच्या कुठल्यातरी कोर्सला घातलेलं असतं. त्याबद्दल पुढच्याच उत्तरात.

आमच्या गावाजवळ एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' आहे, फी कमी आहे, नोकरीची हमी देतात. करावा का?

नर्स व्हायचं असेल तर नाही. सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा कोणताही कोर्स केल्याने नर्स म्हणून नोंदणी होत नाही. बेडसाइड असिस्टंट, जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंट केअर अटेंडंट अशी त्यांची खरी नावं आहेत आणि त्या कामाला मान आहे, मागणीही आहे. पण तो जिना नर्सिंगकडे चढत नाही. पाच वर्षं छोट्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, सलाइनं लावली, सगळे 'सिस्टर' म्हणायला लागले, तरी कागदावर तुम्ही सहायकच. सरकारी भरती नाही, मोठं हॉस्पिटल नाही, परदेश नाही. आणि काही बिघडलं तर कायद्यापुढे पहिला प्रश्न हाच येतो की नोंदणी नसताना औषध दिलं कसं.

कॉलेज खरं आहे की नाही, कसं ओळखायचं?

कागदावर तीन गोष्टी बघा: इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, आणि बीएस्सी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. कॉलेज दाखवतं त्या झेरॉक्सवर जाऊ नका, यादी कौन्सिलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या शैक्षणिक वर्षाची पाहा.

त्यानंतर, आणि हे फारसं कुणी करत नाही, कॉलेजचं हॉस्पिटल कुठे आहे ते विचारून दुपारी अकरा-बाराच्या सुमारास तिथे जाऊन या. ओपीडीत रांग आहे का? वॉर्डात पेशंट आहेत का, की चादरी कडक इस्त्रीच्या? लेबर रूम चालते का? नर्सिंग हे हाताने शिकायचं शिक्षण आहे, आणि पेशंट नसतील तर चार वर्षं मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच, जातात. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना गेटबाहेर गाठून विचारा की त्यांनी स्वतः किती प्रसूती केल्या. उत्तराआधी त्या एकमेकींकडे बघून हसल्या, तर समजून घ्या.

फी परवडत नाही. काही सवलत?

शासकीय आणि महापालिकेच्या कॉलेजांत फी खूप कमी असते आणि काही ठिकाणी विद्यार्थिनींना विद्यावेतनही मिळतं. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा. २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर ही सवलत मिळेल असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा.

मुलगा आहे. नर्सिंगमध्ये भविष्य आहे का?

आहे. वॉर्डात 'ब्रदर' म्हणतील, सवय होईल. आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑर्थो, मनोरुग्ण विभाग इथे ब्रदर मुद्दाम मागून घेतात. अडचण सरकारी भरतीत आहे: एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, त्यामुळे मुलांचा कट-ऑफ वर जातो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

पास झाल्यावर लगेच नोकरी करता येते का, की नोंदणी लागते?

नोंदणी लागते. निकाल लागला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा, तिथून नोंदणी क्रमांक मिळतो. त्याबरोबर देशपातळीवरच्या नोंदवहीत आधारशी जोडलेला एनयूआयडी क्रमांकही काढून घ्या, पुढे भरतीच्या अर्जात तो विचारतात. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे सतत शिक्षणाच्या कार्यशाळांचे, गुण जमवावे लागतात. नूतनीकरणाच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा हॉस्पिटलात होणाऱ्या प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

नोंदणी येईपर्यंत हॉस्पिटलं 'ट्रेनी' म्हणून कमी पगारावर घेतात. अर्ज उशिरा केला तर ते कमी पगाराचे महिने तुमचेच जातात.

खासगी हॉस्पिटलात पहिला पगार किती?

मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात नव्या स्टाफला साधारण २० ते २५ हजारांच्या आसपास सुरुवात होते, आयसीयूला थोडी जास्त. जिल्ह्याच्या ठिकाणी मध्यम हॉस्पिटलात १२ ते १८ हजार. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये १० हजार हेही ऐकायला मिळतं, आणि तिथे ड्युटी बारा तासांची असते. हे आकडे कमी आहेत, चार वर्षांच्या शिक्षणाच्या मानाने फारच कमी आहेत, आणि 'सेवा' या शब्दाआड ते लपवायचं काही कारण नाही.

पण दोन नोकऱ्यांची तुलना करताना नुसता महिन्याचा आकडा धरला तर फसाल. २२ हजार देणाऱ्या हॉस्पिटलात शहरात खोलीचं भाडं भरून जे उरतं, ते १८ हजार अधिक हॉस्टेल आणि मेस देणाऱ्यापेक्षा कमी असू शकतं. आठ तासांची ड्युटी आणि बारा तासांची ड्युटी यांत तासाचा भाव काढा: महिन्याला २६ दिवस धरले तर १८ हजारांना आठ तासांनी तासाला सुमारे ८७ रुपये पडतात, आणि २० हजारांना बारा तासांनी सुमारे ६४. मोठा दिसणारा पगार इथे लहान आहे. नाईटचा वेगळा भत्ता आहे का, रिलीव्हर आला नाही म्हणून थांबावं लागलं तर ओव्हरटाइम मिळतो की नुसता 'कॉम्प ऑफ', म्हणजे बदली सुट्टी, आणि तो कॉम्प ऑफ प्रत्यक्षात घेऊ देतात का, हे तिथे काम करणाऱ्या मुलीलाच विचारा. एचआर या प्रश्नांना गोड उत्तरं देतं.

ऑफर लेटरवर २२,६०० लिहिलंय, हातात १८,४०० येतात. फसवणूक झाली का?

बहुतेक नाही, ती सीटीसीची, म्हणजे हॉस्पिटलला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाची, भाषा आहे. उदाहरण घेऊ. समजा एकूण पगार २०,००० आणि त्यात मूळ पगार १२,०००. तुमच्याकडून पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० कापला जातो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १५०. हातात १८,४१०. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. ब्रदरला मात्र महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. दुसरीकडे हॉस्पिटल आपल्या बाजूने पीएफचे १,४४०, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ६५० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५७७ असं सगळं मिळवून २२,६६७ हा आकडा ऑफर लेटरवर छापतं.

पीएफचे पैसे तुमचेच आहेत. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवा, नवा काढू देऊ नका. ईएसआयचं कार्ड आई-वडील अवलंबून असतील तर त्यांनाही उपयोगी पडतं. २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू होतो, म्हणजे नव्या नर्सेसपैकी बऱ्याच जणी त्यात येतात आणि कार्ड मात्र काढतच नाहीत.

खरी फसवणूक वेगळी दिसते. वीसपेक्षा जास्त माणसं कामाला असूनही पीएफ नाही, किंवा पगारातून 'पीएफ' कापतात पण खात्यात जमा होत नाही (पासबुक मोबाइलवर दिसतं, दुसऱ्याच महिन्यात उघडून बघा). किंवा तुम्हाला कागदावर 'कन्सल्टंट' दाखवून १० टक्के टीडीएस कापतात. वॉर्डात तीन शिफ्टमध्ये फिरणारी नर्स कन्सल्टंट नसते.

खासगीत नर्सला किमान २० हजार द्यायचा नियम आहे ना?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये नर्सेसच्या संघटनेच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीची शिफारस अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० पेक्षा जास्त असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २० हजारांपेक्षा कमी नाही. केंद्राने ती राज्यांकडे पाठवली. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे शिफारस ही शिफारसच राहिली, सर्वत्र लागू होणारा कायदा झाला नाही. मुलाखतीत हा कागद दाखवून पगार वाढत नाही. पण दहा वर्षांपूर्वी जो तळ ठरवला गेला, त्याच्याही खाली तुम्हाला बोलावलं जात आहे, एवढं समजून सही करा.

सरकारी नर्सचा पगार खरंच इतका जास्त असतो?

हो. राज्यात आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अधिपरिचारिकेला सातव्या वेतन आयोगात ३५,४०० ते १,१२,४०० ही श्रेणी आहे. सुरुवातीचा मूळ पगार ३५,४००. महागाई भत्ता ५० टक्के धरला तरी नुसत्या या दोन आकड्यांची बेरीज ५३ हजारांवर जाते, त्यावर शहराप्रमाणे घरभाडे भत्ता. वर्षाला साधारण ३ टक्के वेतनवाढ.

केंद्रात, म्हणजे एम्स, केंद्र सरकारची रुग्णालयं, रेल्वे वगैरे ठिकाणी नर्सिंग ऑफिसर सातव्या पातळीवर येते: मूळ पगार ४४,९००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, प्रवास भत्ता आणि नर्सिंग भत्ता. हा नर्सिंग भत्ता सातव्या आयोगाने महिना ७,२०० ठरवला होता, महागाई भत्त्याने ५० टक्के गाठल्यावर २०२४ मध्ये तो ९,००० झाला. गणवेशाचा भत्ता वेगळा. सगळी बेरीज नागपूरच्या एम्समध्येही ९० हजारांच्या घरात जाते, कपात वजा करून ८० हजार.

आता उलट बाजू. राज्याच्या भरत्या नियमित निघत नाहीत. जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, नेमणूक यात वर्ष सहज जातं, कधी प्रकरण न्यायालयात अडकतं. आणि सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे रात्रीच्या ड्युटीला चाळीस-पन्नास पेशंट असणं नवलाचं नाही. पगार जास्त आहे, आराम जास्त आहे असं नव्हे. बसून भरतीची वाट बघू नका. नोकरी करत अभ्यास करा.

एनएचएमची कंत्राटी जागा घ्यावी का?

राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रात स्टाफ नर्सला साधारण २० हजार मानधन दिलं गेलं आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, ज्या पदाला बीएस्सी नर्सिंग चालतं, २५ हजार निश्चित आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत. गावाजवळ राहायचं असेल तर दुसरं पद खासगीच्या मानाने चांगलं आहे. पण कामगिरीचे १५ हजार दर महिन्याला पूर्ण येतात असं धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका. ही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरची नोकरी आहे.

नॉरसेट म्हणजे काय? अवघड असते का?

एम्सची नर्सिंग ऑफिसरसाठीची सामाईक परीक्षा, २०२० पासून. पूर्व आणि मुख्य असे दोन टप्पे, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा, खुल्या गटाला वयोमर्यादा ३०. पाठांतरावर निघणारी नाही. प्रश्न वॉर्डातले असतात: चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल, हे औषध देण्यापूर्वी काय तपासाल. म्हणून वॉर्डात डोळे उघडे ठेवून काम केलेली मुलगी सहा महिन्यांच्या अभ्यासात पुढे जाते, तर नुसती प्रश्नसंच सोडवणारी तिथेच अडखळते. वयाची अट लक्षात ठेवा. जीएनएम, मग दोन वर्षं अनुभव, मग लग्न, मग 'आता बघू' असं करत तिशी येते.

लष्करातलं नर्सिंग?

मुलींसाठी. नीट देऊन, पुण्याच्या एएफएमसीसह सशस्त्र दलांच्या नर्सिंग कॉलेजांत बीएस्सी. नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून नेमणूक आणि ठरावीक वर्षं सेवेचं बंधन. या वाटेने जायचं तर बारावीतच ठरवावं लागतं.

मुलाखतीत काय विचारतात?

स्वतःची ओळख सांगून झाली की थेट कामाचं. ५०० मिलीची सलाइन आठ तासांत द्यायची, सेट २० थेंबांचा (म्हणजे १ मिलीला २० थेंब), मिनिटाला किती थेंब? (५०० गुणिले २० भागिले ४८०, साधारण २१.) पोटॅशियम क्लोराइड कसं देता? याचं उत्तर 'पातळ करून, हळू, कधीही थेट शिरेत ढकलून नाही' हे झोपेतही यायला हवं. जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग: रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सुई काढलेली सिरिंज आणि कॅथेटर लाल डब्यात, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल-अँप्यूल निळ्यात. जागेवरच कॅन्युला लावायला सांगतील. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) प्रमाणपत्र असेल तर दोन उमेदवारांत तुमचं पारडं जड होतं, त्यावर खर्च करायला हरकत नाही.

पगाराचा आकडा त्यांनी विचारला तर "तुम्ही ठरवाल तो" म्हणू नका. शेजारच्या दोन हॉस्पिटलांत काय देतात ते आधी काढा आणि त्यातला वरचा आकडा सांगा.

मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात, दोन वर्षांचा बाँडही आहे. द्यावीत का?

मूळ प्रमाणपत्रं नाही. ती दाखवायची, त्यांनी पडताळून छायाप्रती घ्यायच्या, मूळ तुम्ही घरी न्यायची. मूळ कागद अडकले की सरकारी भरतीची पडताळणी हुकते, आणि हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने सेवा-बाँडच्या प्रथेला परिपत्रकं काढून विरोध केलेला आहे, तरी ती वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. मूळ कागद दिलेच तर पोचपावती घ्या, प्रत्येक कागदाचं नाव लिहून, सही-शिक्क्यानिशी. बाँडमध्ये रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते का आणि त्या बदल्यात हॉस्पिटल कोणतं प्रशिक्षण देणार, हे वाचल्याशिवाय सही नको. कोरा धनादेश मागितला तर ती जागा सोडून द्या.

पहिले सहा महिने कसे असतात?

अवघड. पाय दुखतात, पहिल्या नाईटला पहाटे चारला डोळ्यांपुढे अंधारी येते, डॉक्टर ओरडतात, नातेवाईक ओरडतात, आणि सीनियर सिस्टर 'कॉलेजात हेच शिकवलं का' म्हणतात. बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडायच्या विचारात असतात. त्या काळात हॉस्पिटल बदलू नका, निदान शारीरिक किंवा लैंगिक त्रास नसेल तर. असेल तर एक दिवसही थांबू नका, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते.

बाकी कामाचं म्हणाल तर ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, घेताना नीट घ्या. बेडजवळ उभं राहून, सलाइनची बाटली, कॅथेटर, ड्रेन स्वतः बघून. 'सगळं ठीक आहे' हा ओव्हर नव्हे. न कळलेली ऑर्डर परत विचारा, ओरडा खाल्ला तरी. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा आणि वेळ टाकून लिहा. जे लिहिलं नाही ते केलं नाही, असंच पुढे धरलं जातं.

सुई टोचली तर?

दाबून रक्त काढू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, इन्चार्जला त्याच क्षणी सांगा, नोंद करा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून 'ड्युटी संपल्यावर बघू' चालत नाही. हिपॅटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस विद्यार्थिदशेतच पूर्ण करून ठेवा. झाले नसतील तर रुजू होतानाच हॉस्पिटलकडे मागा.

कोणता विभाग मागावा?

पैशाच्या आणि पुढच्या वाटांच्या हिशेबाने आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), कॅथलॅब, डायलिसिस, नवजात शिशू विभाग. पण पहिले सहा महिने जनरल वॉर्ड मिळाला तर कुरकुर नको. थेट ओटीत गेलेल्या मुलीला पाच वर्षांनी शुद्धीत असलेला पेशंट हाताळायचा म्हटलं की घाम फुटतो.

पगार वाढतो कसा?

त्याच खासगी हॉस्पिटलात बसून फारसा वाढत नाही, दरवर्षी हजार-दोन हजार. दोन वर्षांचा आयसीयूचा अनुभव घेऊन दुसरीकडे गेलं की एकदम मोठी उडी मिळते. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्यांना मात्र चांगली हॉस्पिटलं घेत नाहीत. पुढे इन्चार्ज, सुपरवायझर, इन्फेक्शन कंट्रोल नर्स, मग एमएस्सी करून शिकवणं. आयसीयूची आवड असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो अजून कमी लोकांना माहीत आहे.

परदेशात जायचं आहे. कधीपासून तयारी?

रुजू झाल्यापासून, पण जायचं दोन वर्षांनी. आखाती देशांत सहसा दोन वर्षांचा अनुभव मागतात, त्यानंतर डेटाफ्लो, म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, आणि परवान्याची परीक्षा, बहुधा प्रोमेट्रिकची. अमेरिकेला एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, ८५ ते १५० प्रश्नांची, पाच तासांची. ब्रिटनला इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी, मग सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि तिथे पोहोचल्यावर ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा). जर्मनीत इंग्रजीची परीक्षा नाही, पण जर्मन बी२ पातळीपर्यंत शिकावं लागतं, त्याला वर्षभर तरी द्या.

एजंटबद्दल: परदेशी भरतीसाठी नोंदणीकृत एजंट कायद्याने जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. पाच लाख, आठ लाख मागणारा व्हिसा विकत नाही, तुमचं स्वप्न विकतो. सौदी, कुवेत, यूएई यांसह १८ देशांत नर्स म्हणून जाताना ई-मायग्रेट प्रणालीतून मंजुरी लागते. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नाही म्हणा.

नोकरी सोडताना काय घ्यायचं?

राजीनामा लेखी किंवा ईमेलने, नोटीस काळ पूर्ण करून. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव पत्र वेगवेगळी घ्या. अनुभव पत्रावर तारखा, पद, विभाग, हॉस्पिटलच्या खाटांची संख्या आणि ड्युटी पूर्णवेळ होती हे लिहून घ्या. एम्सच्या अर्जाला आणि डेटाफ्लोला नेमकं हेच लागतं, आणि तीन वर्षांनी परत जाऊन मागायला गेलं की तोवर मेट्रन आणि एचआर दोघंही बदललेले असतात. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ मिळत असेल तर तोही सोबत.